हिरव्या रकान्यातले दोन साक्षीदार

पोलीस खात्यात हजेरी मेजर नावाचा एक प्राणी असतो, हे माझ्या बायकोला मी निवृत्त झाल्यावर नीट कळलं. तोवर तिची समजूत अशी, की हे रोज सकाळी शाळेतल्या गुरुजींसारखी नावं पुकारतात आणि मग दिवसभर चहा पितात. चहाबद्दल मी वाद घालणार नाही. पण नावं पुकारणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. खरी डोकेदुखी त्यानंतर सुरू होते. कैदी घेऊन कोर्टात कोण जाणार, पहाऱ्याला कोण, समन्स घेऊन कोण, बंदोबस्ताला कोण, आणि सुट्टी कोणाची कापायची. सही साहेबांची असते, पण कोणाच्या नावापुढे काय लिहायचं ते हजेरी मेजर ठरवतो. त्यामुळे ठाण्यातले निम्मे लोक त्याला मान देतात आणि निम्मे त्याच्या नावाने बोटं मोडतात. दर आठवड्याला हे निम्मे आपापसात जागा बदलतात.

हे काम मी अकरा वर्षं केलं. ठाण्याचं नाव सांगत नाही. नंदुरबार जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं, एवढं पुरे. मी धानोऱ्याच्या बाजूचा, सपाटीवरचा माणूस. घरी अहिराणी, कागदावर मराठी. आमच्या हद्दीचा निम्मा भाग मात्र डोंगरात, तिथे भिली आणि पावरी. म्हणजे फिर्याद एका भाषेत सांगितली जायची, दुसऱ्या भाषेत समजावली जायची आणि तिसऱ्या भाषेत लिहिली जायची. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती, की त्यात काही विचित्र आहे असं कोणाला वाटत नसे.

माणसं सांभाळणं म्हणजे काय, हे मला पूर्ण नोकरीत उमगलं नाही. आमच्याकडे एक हवालदार होता, त्याची सासू माझ्या काळात तीनदा वारली. तिसऱ्या वेळी मी रजेचा अर्ज हातात धरून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो जरासुद्धा गडबडला नाही. म्हणाला, "आप्पा, मन्हा सासरानी तीन लग्नं करेल शेतस." मी रजा दिली. इतक्या शांतपणे बोलणाऱ्याला नाही म्हणायला धाडस लागतं. दुसरा एक शिपाई होता, तो कायम कष्टाचा बंदोबस्त मागून घ्यायचा. मी त्याला सगळ्यात कर्तव्यदक्ष समजत होतो. पुढे कळलं, की घरी त्याची आई आणि बायको यांचं रोज वाजायचं. मी बक्षीस म्हणून त्याला सुट्टी द्यायचो आणि तो तोंड पाडून घरी जायचा.

अशा गमतीजमती सांगत बसलो तर अंक भरेल. पण लिहायला बसलो की मन एकाच जागी जातं. ते प्रकरण मी बायकोलाही धड सांगितलेलं नाही. सांगायला लागलो की चूक नेमकी कोणाची इथेच अडखळतो.

माझ्या निवृत्तीच्या तीन वर्षं आधी आमच्याकडे नवे निरीक्षक आले. घाटावरचे, तरतरीत. त्यांनी पहिल्या महिन्यात केलेलं काम आधी सांगतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांना खलनायक ठरवाल. साप्ताहिक सुट्टी ही गोष्ट आमच्याकडे ऐकून माहीत होती. साहेबांनी ती खरोखर द्यायला लावली, ज्याची त्याची, ठरलेल्या वारी. ठाण्यातल्या बायकांच्या खोलीला कडी नव्हती, ती बसवली. मला "अहो पाटील" म्हणणारे ते पहिलेच साहेब.

आणि त्यांनी भिंतीवर एक तक्ता लावला. ठाण्याच्या हद्दीचे भाग केलेले असतात, त्यांना बीट म्हणतात, आणि एकेका बीटला एक अंमलदार असतो. तक्त्यावर एकेका अंमलदाराची एक ओळ. रकाने असे: गुन्ह्यांचा निपटारा, अर्जांची चौकशी, समन्स, वॉरंट. महिनाअखेरीला काम चांगलं असेल तर हिरवा रंग, मध्यम असेल तर पिवळा, नसेल तर लाल. तक्त्याचा फोटो ठाण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. साहेब म्हणायचे, "कोण काम करतो आणि कोण नुसता फिरतो, हे दिसलं पाहिजे." मला ते पटलं होतं. तीन सासवांचा हवालदार लाल रंगात पाहून तर मला मनापासून बरं वाटलं. रंग भरायचं काम माझ्याकडे होतं.

त्या तक्त्यात दर महिन्याला एक ओळ लाल निघायची, ती रायसिंगची.

रायसिंग डोंगरातल्या बीटचा हवालदार. स्वतः पावरा, तिथल्याच बाजूचा. बोलायला कमी. त्याच्या बीटमधली तरणी माणसं दिवाळी झाली की गुजरातेत ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर जातात. गावात म्हातारे उरतात. वॉरंट घेऊन गेलं की दाराला कडी. मग रायसिंग परत येऊन कागदावर लिहायचा, "सदर इसम मजुरीकामी गुजरात राज्यात गेल्याने मिळून आला नाही." महिन्यामागून महिने हेच वाक्य.

पण होळीला सगळा डोंगर घरी येतो. जगात कुठेही असला तरी येतो. रायसिंग होळीच्या आधी गावागावातून फिरायचा, ओट्यावर बसायचा, आणि एकेकाला सांगायचा: तुझा कागद आलाय, सण होऊ दे, पाचव्या दिवशी फाट्यावर ये. आणि ते यायचे! जीप भरभरून यायचे, स्वच्छ शर्ट घालून, कोर्टाच्या आवारात रांगेने बसायचे. वर्षाचं काम तो दहा दिवसांत उरकायचा. कोर्टातले कारकून वैतागून मला म्हणायचे, "पाटील, तुमच्याकडे वर्षातून एकदाच पोलीस येतात का हो?"

ही पद्धत मला पुरती माहीत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती, एवढंच.

त्या वर्षी रायसिंगच्या कागदांमध्ये एका खुनाच्या खटल्यातले दोन साक्षीदार होते. गिंबीबाई नावाची एक विधवा होती. तिच्या एकुलत्या एक मुलाला मोहाच्या झाडावरून झालेल्या भांडणात दोघा जणांनी मारलं होतं. डोंगरात मोहाची झाडं कोणाची कुठली हे ठरलेलं असतं, आणि फुलं वेचण्यावरून वाद होतात. मारताना पाहणारे दोघेच, खेमा आणि त्याचा चुलतभाऊ. आरोपी जामिनावर सुटून गावात फिरत होते. साक्षीच्या दोन तारखांना खेमा आणि त्याचा भाऊ गुजरातेत होते, म्हणून कोर्टाने त्या दोघांवर वॉरंट काढलं. बाहेरच्या माणसाला याचं नवल वाटेल. वॉरंट फक्त गुन्हेगारावर निघत नाही. न आलेल्या साक्षीदारावरही निघतं, त्याला हजर ठेवण्यासाठी. तक्त्यावर मात्र वॉरंट म्हणजे वॉरंट.

रायसिंगने खेमाला मुकादमाच्या फोनवर गाठून शब्द घेतला होता. होळीनंतर मी स्वतः येतो, साक्ष देतो. रायसिंगनेही शब्द दिला होता, की तुला न्यायला गाडी येणार नाही. गिंबीबाईला हे त्याने सांगितलं होतं, आणि ती त्या भरवशावर होती. त्या दोघांच्या साक्षीवरच तिचा सगळा खटला उभा होता.

होळीच्या तीन आठवडे आधी साहेबांनी मला तक्त्यासमोर बोलावलं.

"अहो पाटील, ही ओळ पाच महिने लाल. हा माणूस करतो काय?"

"साहेब, त्याचं काम होळीनंतर दिसतं."

"होळीचा रकाना कुठे आहे यात?" साहेब हसत म्हणाले. आणि मीही हसलो.

तो माझा हसण्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. तिथे थांबून दोन मिनिटं सगळं सांगितलं असतं तर साहेब ऐकणारे होते. पण चेष्टा झाली, हसणं झालं, आणि मुद्दा संपला. साहेब म्हणाले, त्या बीटला एखादा तरुण माणूस द्या. मी नितीनचं नाव लिहिलं. रायसिंगला ठाण्याच्या दारावर पहाऱ्याला लावलं. त्याच्याविरुद्ध कसुरी अहवाल गेला, म्हणजे कामात हयगय केल्याचा कागद. तोही माझ्याच अक्षरात.

रायसिंगने वहीत सही केली. वर पाहिलं आणि एवढंच विचारलं, "मेजर, खेमाचं काय?"

"नितीनला सगळं समजावून दे," मी म्हणालो.

त्याने ते केलं. दोघे बाकावर तासभर बसले होते. रायसिंगने एका कागदावर सगळी नावं लिहून दिली. खेमा आणि त्याच्या भावाच्या नावापुढे लिहिलं होतं, "होळीनंतर स्वतः येणार. तोपर्यंत हात लावू नये." मी तो कागद वाचला होता.

नितीन आळशी नव्हता, वाईटही नव्हता. शिरपूरकडचा पोरगा, घरची शेती भावावर सोडून भरती झालेला, कामाला वाघ. होळीच्या आधी डोंगरात भोंगऱ्या बाजार भरतो, तिथे सगळी माणसं एकत्र सापडतात. नितीन चार जणांना घेऊन तिथे गेला आणि दुपारी जीप भरून आणली. सात जण. त्यातला एक हायवेवर ट्रक लुटणारा होता. तीन होळ्या तो रायसिंगला "पाचव्या दिवशी येतो" म्हणून टांग देत होता. म्हणजे बघा. रायसिंगच्या पद्धतीत हे भोकही होतं, आणि ते नितीनने पहिल्या झटक्यात बुजवलं. मी कोणाच्या बाजूने बोलू?

उरलेल्यांत खेमा आणि त्याचा भाऊ होते.

जीप दारातून आत आली तेव्हा रायसिंग तिथेच रायफल घेऊन उभा होता. पहाऱ्यावरच्या माणसाने जागा सोडायची नसते. खेमा खाली उतरला. अंगावर पांढरे ठिपके, कमरेला घुंगरू, पाय अनवाणी. तो रायसिंगसमोर थांबला आणि त्याच्याकडे पाहत राहिला. रायसिंग सरळ समोर बघत होता. मग मागून कोणीतरी खेमाला पुढे ढकललं.

साहेबांनी नितीनच्या पाठीवर थाप मारली. सातही जणांना भिंतीशी ओळीने खाली बसवून फोटो काढला गेला. ग्रुपवर टाकायला. आमच्यातल्याच कोणीतरी तो पुढे पाठवला. दोन तासांत तो डोंगरातल्या फोनांवर होता. ट्रक लुटणाऱ्याच्या शेजारी खेमा.

थोड्या वेळाने नितीन माझ्या टेबलाशी आला, तोंड उतरलेलं. त्याने स्वतःहून सगळ्यांसाठी खिचडी मागवली होती.

"आप्पा, तो खेमा काही खाई नई ऱ्हायना. पानीबी नई. मी काय जहर दी ऱ्हायनू का?"

"भूक नसेल."

"सकाळपासून उपाशी शे तो."

मी उठून दारापर्यंत गेलो आणि रायसिंगला विचारलं. तो समोर बघतच बोलला.

"मेजर, त्याची पालणी आहे. मोठा नवस. ठरलेले दिवस खाटेवर झोपायचं नाही, दुसऱ्याच्या हातचं खायचं नाही. त्याला कोणी धरायचं नाही, ढकलायचं नाही. त्याचं मोडलं आता सगळं."

"तू कागदावर लिहिलं का नाहीस हे?"

"हात लावू नये, असं लिहिलं होतं," रायसिंग म्हणाला.

मी नितीनकडे गेलो. त्यालाही विचारलं, अरे, कागद वाचला होतास ना? तो रडवेला झाला. "वाचेल व्हता आप्पा. पन वॉरंट मन्हा खिसामा, मानूस मन्हा समोर. सोडी देतो तर कसूर मन्हावरच लागती ना?" नियमाने त्याचंच बरोबर होतं. वॉरंट असलेला माणूस समोर दिसून सोडला, तर कसुरी अहवाल लिहायला पुन्हा मीच बसलो असतो.

पायथ्याला इतकी वर्षं काढून मला पालणी म्हणजे नाचायच्या आधीची सजावट वाटत होती.

दोघा भावांना तारखेला हजर राहण्याच्या बंधपत्रावर संध्याकाळच्या आत सोडलं. जाताना खेमा पुन्हा रायसिंगसमोर थांबला आणि काहीतरी बोलला, हळू. मी नंतर विचारलं. रायसिंगने आधी सांगितलं नाही, मग सांगितलं. खेमा म्हणाला होता, "शब्द तू दिलास आणि गाडी त्यांनी पाठवली. मग तू कोण?"

महिनाअखेरीला डोंगरातल्या बीटची ओळ हिरवी झाली. मीच रंगवली. वॉरंटच्या रकान्यात सात, त्यात ते दोन. आमचं ठाणं वॉरंट बजावणीत पुढे आलं, साहेबांना प्रशस्तिपत्र मिळालं. साहेबांनी मोठ्या मनाने माझं नावही पुढे पाठवलं. माझं प्रमाणपत्र बायकोने फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय. पाहुणे आले की त्यांना दाखवते.

खटल्याच्या तारखेला कोर्टाचं काम पाहणारा आमचा माणूस रजेवर होता. रजा मीच दिली होती, म्हणून नंदुरबारला मीच गेलो. गिंबीबाई बाहेर जिन्याखाली बसली होती. खेमा आला, वेळेवर आला. पिंजऱ्यात उभा राहिला, आणि सरकारी वकिलांनी विचारल्यावर म्हणाला, "मी तिथे नव्हतो. मला काही माहीत नाही." त्याचा भाऊ आला, तोही तेच म्हणाला. याला साक्षीदार फितूर होणं म्हणतात. वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

बाहेर मी खेमाला गाठलं. "अरे, खरं का नाही बोललास? त्या म्हातारीचा विचार करायचा."

त्याला मोडकंतोडकं मराठी येत होतं. म्हणाला, "तुम्ही बोलावलं, मी आलो. हजर आहे ना?"

तो रागावलेला दिसत नव्हता. त्यालाही फार बरं वाटत नसावं, कारण तो जिन्याच्या बाजूने न जाता मागच्या फाटकाने गेला. आरोपींनी त्याला दम दिला होता का? असेलही. त्याला पैसे चारले असंही कोणी म्हणालं. नवस मोडला म्हणून तो पोलिसांवर उलटला, हे मी म्हणतो, रायसिंग म्हणतो. सिद्ध कसं करणार? कदाचित तो होळीनंतर आपल्या पायांनी आला असता तरी हेच बोलला असता. हा विचार मी पुष्कळदा करून पाहिला. त्याने थोडं बरं वाटतं, पण टिकत नाही.

काही महिन्यांनी दोघे आरोपी निर्दोष सुटले. तोवर साहेबांची बदली झाली होती. निकाल कळल्यावर त्यांचा मला फोन आला. आधी तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाले, "पाटील, तुम्ही मला तेव्हा नीट सांगायला हवं होतं." मी म्हणालो, हो साहेब. सांगितलं होतं असं म्हणू शकलो असतो. एक वाक्य सांगितलंही होतं. पण साहेबांचंच खरं होतं, आणि मला त्यांचा राग यायला हवा होता तो आला नाही. कोणावरच धड राग येत नाही, हीच माझी अडचण आहे. नितीनने नियम पाळला, साहेबांना काम हवं होतं, रायसिंगने कागदावर लिहून दिलं होतं. मी सगळ्यांच्या मधोमध बसलेलो होतो, सगळं वाचलेला.

निकालानंतर आठ-दहा दिवसांनी गिंबीबाई ठाण्यात आली. पाच-सहा कोस चालत आली होती. मी माझ्या टेबलाशी दुसऱ्या दिवशीच्या ड्युट्या लिहीत होतो. तिची भाषा मला येत नाही, म्हणून रायसिंगला दारावरून बोलावलं. त्याच्या जागी दुसरा उभा केला.

मी म्हणालो, "तिला सांग, कोर्टाने त्या दोघांना सोडलं. आता तारीख नाही. यायची गरज नाही."

रायसिंगने सांगितलं. तिने ऐकलं, मान हलवली. मग काहीतरी विचारलं.

"ती विचारते, म्हणजे त्यांनी मारलं नाही?"

"सिद्ध झालं नाही, असं सांग."

तो तिच्याशी बराच वेळ बोलला. तिने पुन्हा मान हलवली. रागावली नाही, रडली नाही. खाली फरशीवर बसली, काठी बाजूला ठेवली, आणि माझ्या समोरच्या वहीकडे बोट दाखवून बोलली.

रायसिंग म्हणाला, "ती म्हणते, बरं. त्यांनी नाही मारलं. मग ज्याने मारलं त्याला धरायला उद्या कोणाला पाठवता? नाव लिहा, ती थांबते."

वहीत सगळ्यांची नावं होती. दोघे कोर्टात, तिघे बंदोबस्ताला, एक समन्सला, एकाची सुट्टी. मी ते पान वरून खाली वाचलं, मग पुन्हा वाचलं. ती माझ्याकडे बघत होती. ठाण्यात येणारे लोक साधारण जसं बघतात तसं, म्हणजे याला माहीत असणार, अशा भरवशाने.

"तिला सांग, घरी जा. आम्ही बघतो काय ते," मी म्हणालो.

रायसिंग दाराकडे बघत होता.

"सांग ना रे."

"मेजर, ते तुम्ही सांगा," तो म्हणाला. "मी आता कोणाला शब्द देत नाही." आणि टोपी नीट करून पुन्हा दारावर जाऊन उभा राहिला.

गिंबीबाई माझ्या तोंडाकडे पाहत थांबली होती. इतकी वर्षं त्या ठाण्यात काढून मला तिच्या भाषेत "घरी जा" एवढंसुद्धा म्हणता येत नव्हतं.